छत कापण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, गेल्या लग्नसराईच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान आहे. हात चांगला आहे, स्वभाव कष्टाळू आहे, आणि पोरांच्या शिक्षणाची काळजी आहे. चहा होईपर्यंत त्याने खिशातून मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. बुटकी, लांब नाकाची, लाल रंगाची, छत नसलेली एक विलायती मोटार. आत दोनच माणसे : नवरा आणि नवरी.

"सर, अशी गाडी इथेच बनवू," तो म्हणाला. "जुनी छोटी मोटार स्वस्तात मिळते. छत कापायचं, मागची सीट काढायची, बॉनेट जरा लांब दाखवायचं आणि लाल रंग मारायचा. धुळे-जळगावच्या वरातींना भाड्याने दिली तर दोन हंगामांत पैसे वसूल."

मी विचारले, "छत कापायचं?"

तो हसून म्हणाला, "निस्तं छत शे ना, सर!"

नुसते छतच तर आहे, या वाक्यावर मला त्याला तिथल्या तिथे थांबवता आले असते. पण मी गप्प राहिलो, कारण हेच वाक्य तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी स्वतः म्हटले होते. त्याचे काय झाले ते मी शेवटी सांगणारच आहे. त्याआधी आपण या फोटोतल्या गाडीची ओळख करून घेऊ. तिच्या अंगावर जे जे विचित्र दिसते त्यामागे काही ना काही कारण असते, आणि ते कारण समजल्याशिवाय गाडीला कटर लावणे धोक्याचे असते.

घोड्यापासून मोटारीपर्यंत

अशा गाडीला इंग्रजीत रोडस्टर म्हणतात. हा शब्द आधी घोड्यासाठी वापरत. रस्त्याने लांबचा प्रवास करणारा, चांगल्या चालीचा घोडा म्हणजे रोडस्टर. मोटारी आल्यावर हे नाव दोन माणसांच्या, उघड्या, हलक्या गाडीला मिळाले. आपल्याकडे ओझ्याची बैलगाडी वेगळी आणि शंकरपटाची गाडी वेगळी. पटाच्या गाडीवर नको ते सगळे काढून टाकलेले असते, कारण वजन कमी झाले की वेग वाढतो. रोडस्टरचा विचार तोच. चार दारे नकोत, मागची सीट नको, छत नको. इंजिन मोठे नसले तरी चालेल, गाडी हलकी हवी आणि चालवणाऱ्याच्या हाताला रस्ता कळला पाहिजे.

या गाड्यांचे माहेर म्हणजे इंग्लंड. एम.जी. हे नाव आता आपल्या रस्त्यांवरही दिसते. त्याचा मूळ अर्थ मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये मोटारी विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या गॅरेजचे ते नाव. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस मोटारींवर वेगळी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून एम.जी.चा जन्म झाला. म्हणजे गाडीत फेरफार करणे हा काही वाया गेलेल्या पोरांचा उद्योग नव्हे. जगातल्या एका नामांकित स्पोर्ट्स मोटारीचा उगमच गॅरेजमधल्या फेरफारात आहे. फक्त ते करणाऱ्यांना आपण काय बदलतो आहोत हे ठाऊक होते.

पाइपाचा प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. छत काढले तर बिघडते काय?

मी त्या विद्यार्थ्याला अंगणात नेले. ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपाचा हातभर लांबीचा तुकडा पडला होता. आपल्या केळीच्या भागात ही वस्तू कुठल्याही घरी सापडेल. मी त्याला सांगितले, "दोन्ही टोकं धर आणि कपडा पिळतो तसा पीळ." पाइप जागचा हलेना. मग करवतीने मी त्या पाइपाला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर पाडली. पाइपातले प्लॅस्टिक जवळजवळ तेवढेच राहिले, कमी झाला तो फक्त चिरेपुरता भुसा. पुन्हा पिळायला सांगितले. या वेळी पाइप ओल्या टॉवेलासारखा पिळला गेला.

असे का होते? बंद पाइप पिळताना जोर भिंतीतून गोल फिरतो आणि प्रत्येक भाग शेजारच्या भागाला धरून ठेवतो. चीर पडली की ती साखळी तुटते. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींच्या बाजूने मोकळ्या सरकतात आणि कैक पटींनी ताकद जाते. बुटाच्या खोक्याचेही तसेच आहे. झाकण चिकटवलेले खोके पिळून पाहा, आणि झाकण काढून पाहा.

आजची बहुतेक प्रवासी मोटार म्हणजे असे झाकण लावलेले खोके असते. खालचा पत्रा, दोन्ही बाजू, काचेजवळचे खांब आणि वरचे छत मिळून तिचा एक बंद डबा होतो. या बांधणीला मोनोकॉक म्हणतात. त्यात वेगळी चासी नसते, डबा हीच चासी असते. मारुती ८०० अशी होती. इतकेच काय, ज्यांना आपण लोखंडी रणगाडे समजत होतो त्या ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीही अशाच बांधणीच्या होत्या. रस्त्यावर पुढचे डावे चाक खड्ड्यात जाते आणि मागचे उजवे चाक उंचवट्यावर चढते, तेव्हा गाडीला पीळ बसतो. हा पीळ सहन करण्यात छताचा मोठा वाटा असतो. म्हणून छत हे नुसते उन्हापावसापासून बचावाचे पांघरूण नाही, ते त्या डब्याचे झाकण आहे.

छत कापले की दुसराही एक आजार जडतो. पुढे इंजिनाचे वजन, मागे सामानाचे वजन, आणि मध्ये दाराची मोकळी जागा. छत असते तोवर ते वरून दाब घेऊन ही जागा उघडी ठेवते. ते गेले की गाडी मध्यभागी खचू लागते, दाराची चौकट वरून आवळते आणि दार अडकायला लागते. घराच्या जुन्या भिंती खचल्या की दारे लागत नाहीशी होतात, तसेच हे.

चासीवरची गाडी

यावर तो विद्यार्थी म्हणाला, "पण सर, जीपला कुठे छत असतं? ती तर नाही वाकत."

प्रश्न अगदी बरोबर. जीपला खाली ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चासी असते. दोन जाड लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. बैलगाडीची साटी जशी आखावर बसते तशी जीपची बॉडी या शिडीवर बसते. सगळा भार चासी उचलते. म्हणून वर ताडपत्रीचा टप असो वा नसो, गाडीच्या ताकदीत मोठा फरक पडत नाही. २०२० साली आलेल्या नव्या महिंद्रा थारलाही खाली अशीच शिडी आहे, आणि म्हणून कंपनीला तिला कापडी छत देता आले.

आपल्याकडे अशा बांधणीची एक मोटार होती, स्टँडर्ड हेराल्ड. ज्येष्ठ श्रोत्यांना ती आठवत असेल. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली निघाली. तिचे रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखले. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटार प्रॉडक्ट्सने ती बनवायला घेतली. त्या काळात इतर मोटारी मोनोकॉककडे वळल्या होत्या, पण हेराल्डला जुन्या पद्धतीची चासी होती. याचे कारण मोठे मजेशीर आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. सबंध बॉडी एकसंध बनवून देणारे कोणी मिळेना. मग त्यांनी बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करून घेतले आणि चासीवर बोल्टांनी आवळले. त्यामुळे हेराल्डचे छतसुद्धा बोल्टांवर बसलेले होते. ते काढता येत असे, आणि त्याच सांगाड्यावर उघडी मोटार काढणे कंपनीला सोपे गेले. बॉनेट तर पंखांसकट, दिव्यांसकट अख्खे पुढे उघडे. इंजिनाशेजारी पुढच्या चाकावर बसून फिटरला आरामात काम करता येई. वळण्याच्या बाबतीत तर ती टांग्यालाही मागे टाकील. सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात ती पूर्ण वळत असे.

हेराल्डचीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची रोडस्टर काढण्यात आली. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. स्पिटफायरमध्ये चासीच्या बाहेरच्या पट्ट्या वगळल्या आणि त्यांचे काम दाराखालच्या पोकळ उंबऱ्यांवर सोपवले. म्हणजे बहीण-बहीण असूनही एकीचा भार चासीवर, दुसरीचा काहीसा उंबऱ्यावर. आजही जुनी स्पिटफायर घेणारा जाणकार आधी वाकून उंबरा तपासतो. तो गंजला असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, गाडी कमरेत खचलेली समजावी.

विचित्रपणाची कारणे

जुन्या रोडस्टर पाहिल्या की त्यांच्या तऱ्हा बघून हसू येते. पण एकेक तऱ्हा उलगडली की तिच्या पोटात अडचण आणि तिच्यावरचा उपाय सापडतो.

१९५८ सालची ऑस्टिन-हीली स्प्राइट पाहा. बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे उभे, म्हणून तिचे नावच बेडूकडोळी पडले. मूळ आराखड्यात हे दिवे वापर नसताना आडवे होणार होते. ती यंत्रणा महाग पडू लागली तेव्हा ती रद्द केली आणि दिवे तिथेच उभे राहिले. ही गाडी मोनोकॉक बांधणीची होती, आणि छत तर नव्हतेच. मग ताकद आणायची कुठून? त्यांनी मागे डिकीचे झाकणच ठेवले नाही. मागचा पत्रा एकसंध राहिला तर तेवढाच डबा बंद राहतो, आणि खर्चही वाचतो. सामान ठेवायचे तर सीट पुढे पाडून, आत डोके घालून ठेवावे लागे. दाराला बाहेरून मूठ नाही, आत हात घालून दार उघडायचे. ज्याला आपण गैरसोय म्हणतो ती त्यांनी मोजूनमापून पत्करलेली होती.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. मर्सिडीज ३०० एसएल ही १९५४ सालची मोटार तिच्या पक्ष्याच्या पंखांसारख्या वर उघडणाऱ्या दारांमुळे जगभर गाजली. लोकांना वाटते, केवढी ही ऐट! खरे कारण वेगळेच. हलकेपणासाठी तिचा सांगाडा बारीक नळ्या जोडून केला होता. पूल बांधताना लोखंडी कैच्या वापरतात तशी रचना. ताकदीसाठी या नळ्या दोन्ही बाजूंनी बऱ्याच उंचीपर्यंत न्याव्या लागल्या. दाराखालचा उंबरा इतका उंच झाला की नेहमीचे दार बसेना, म्हणून ते छताला बिजागरी लावून वर उघडावे लागले. पुढे १९५७ साली हीच मोटार छताशिवाय काढायची ठरली. छत गेले तर बिजागरी लावणार कुठे? मग अभियंत्यांनी बाजूचा सांगाडा नव्याने आखून उंबरा खाली आणला आणि साधी दारे बसवली. छत काढल्यावर गाडी हलकी व्हायला हवी ना? प्रत्यक्षात ती जास्त वजनाची झाली. जर्मनीतल्याच कारमान कंपनीने १९४९ पासून फोक्सवॅगन बीटलची उघडी आवृत्ती बनवली, तिलाही खालून जादा पोलाद घालावे लागले आणि तीही वजनाला जास्त भरली. वरून काढलेले खालून दामदुप्पट भरावे लागते, हा या धंद्याचा हिशोब आहे.

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९६२ च्या एलान गाडीत निराळी वाट काढली. गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोलादी पोकळ पेटी ठेवली आणि तिच्यावर फायबरची बॉडी. पीळ कण्याने सोसायचा, बॉडीने नव्हे. या गाडीचे पुढचे दिवे इंजिनाच्या ओढीने तयार होणाऱ्या निर्वात दाबावर वर उठत. नळीला कुठे गळती लागली की दिवे डुलकी लागल्यासारखे हळूहळू खाली मिटत. म्हणजे चांगल्या अभियंत्याचीही प्रत्येक कल्पना सोन्याची नसते.

मॉर्गन कंपनी तर आजतागायत बॉडीच्या आत ॲश या लाकडाचा सांगाडा वापरते. पुष्कळांचा समज आहे की त्या गाडीची चासीच लाकडी असते. तसे नाही. चासी धातूची, वरचा पत्रा धातूचा, आणि दोन्हींच्या मध्ये पत्र्याला आकार देणारा लाकडी सांगाडा. ट्रकचा लाकडी हौदा बांधणाऱ्या आपल्या सुतारांना यात नवल वाटणार नाही.

फिटर मंडळींसाठी एक खास गंमत. १९४५ ते १९४९ या काळातल्या एम.जी. टीसी गाडीच्या इंजिनाचे नट-बोल्ट पाहिले तर त्यांचे डोके इंग्रजी व्हिटवर्थ मापाचे, पाना त्याच मापाचा लागतो. पण आटे मात्र मेट्रिक! कारण असे की मॉरिसने १९२३ साली इंजिनांचा जो कारखाना विकत घेतला तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. आटे पाडण्याची यंत्रे फ्रेंच मापाची. यंत्रे बदलायची नाहीत आणि इंग्रज फिटरचे पानेही बदलायचे नाहीत, म्हणून आटे फ्रेंच आणि डोके इंग्रज. हे माहीत नसलेला मेकॅनिक त्यात साधा इंग्रजी बोल्ट घालून जोर लावतो आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेले आटे एका मिनिटात मारतो. जुन्या गाडीला हात लावण्याआधी तिचा इतिहास वाचावा तो यासाठी.

आपल्या मुलखातल्या रोडस्टर

असे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत, आणि ते फार लांब नव्हेत. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी मोटार तयार झाली. इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ सीसीचे, आणि बॉडी फायबरची. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली. तिचे रूप लोटस सेव्हन या १९५७ च्या गाजलेल्या गाडीच्या वळणाचे, आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझू, जे कॉन्टेसामध्ये बसत असे. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात लोकांपुढे आली. ती छत असलेली, पण दोन आसनी स्पोर्ट्स मोटार.

या गाड्या हजारोंनी खपल्या नाहीत. आपल्याकडे घरातली मोटार म्हणजे आईवडील, मुले, लग्नाचा आहेर आणि गावाकडून आणलेले धान्याचे पोते, हे सगळे मावणारी हवी. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत जळगावच्या उन्हात छत उघडून कोण फिरणार? पण सॅन स्टॉर्म आणि चिंकारा यांतून आपल्याला शिकण्यासारखे आहे. त्यांनी बंद मोटार कापून उघडी केली नाही. आधी उघड्या गाडीचा सांगाडा केला, मग त्यावर हलकी बॉडी चढवली. उघडी मोटार खालून वर बांधायची असते, वरून खाली कापायची नसते.

छोटे बदल, मोठे परिणाम

छत कापणारे थोडेच असतात. पण गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे दोन वेढे कापणारे गल्लोगल्ली भेटतात. यातही लोकांची समजूत उलटी असते. वेढे कमी झाले की स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते. चाकाला वरखाली व्हायला जागाही कमी उरते. खड्डा आला की शॉकअप तळाला आपटतो आणि तो धक्का थेट बॉडीला बसतो. वळणावर एखादे चाक पकड सोडते. चाके बाहेर काढण्यासाठी मध्ये चकत्या घातल्या की बेअरिंगवरचा भार वाढतो. जास्त वॅटचे दिवे जुन्या बारीक वायरवर लावले की वायर तापते, आणि मग गाडी का पेटली याचा शोध सुरू होतो. जुन्या इंग्लिश गाड्यांत तर बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असे, आपल्या नेहमीच्या पद्धतीच्या उलट. ते न पाहता नवा रेडिओ जोडला तर तो पहिल्याच दिवशी जळतो.

कायद्याचेही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. आणि हौशी मंडळींसाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण तिथेही अट आहे की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी धंद्याला लावता येत नाही. म्हणजे आजोबांच्या काळातली हेराल्ड गोठ्याशेजारी उभी असेल तर तिची खरी किंमत ती न कापण्यात आहे.

माझी कानस

आता माझी गोष्ट. १९९० च्या सुमाराला मी धुळ्यात मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवत होतो. माझ्या एका मित्राचा बँडचा धंदा होता. त्याला वरातीसाठी उघडी मोटार हवी होती. मी एका छोट्या बंद मोटारीचे छत कापून दिले. कडा घासल्या, वर नळीची कड जोडली, रंग दिला. लोक बघत राहिले आणि माझी मान ताठ झाली.

पंधरा दिवसांनी मित्र म्हणाला, डावे दार घट्ट लागते. मी कुलपाच्या खिटीवर कानस मारून दिली. महिन्याने पुन्हा तीच तक्रार. मी पुन्हा कानस मारली. एकदा चाक बदलायला जॅक लावला तर दार उघडेचना, जॅक काढल्यावर उघडले. गाडी मला सांगत होती की मी खचते आहे, मला पीळ बसतो आहे. मी मात्र दुखणे सोडून दार कानसत होतो. शेवटी ती खिटी इतकी झिजली की कुलूप नावापुरते धरू लागले.

एका संध्याकाळी लळिंगच्या बाजूने वरात परतत होती. रस्ता खराब. एका खड्ड्यात गाडी आडवीतिडवी पिळली गेली आणि दार आपोआप उघडले. दाराला टेकून मित्राचा भाचा बसला होता, नऊ वर्षांचा. तो रस्त्यावर पडला. गाडी सावकाश होती म्हणून वाचला, पण उजवा हात कोपरात मोडला. आज तो चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. हात अजून पूर्ण सरळ होत नाही. कुठे भेटला की वाकून नमस्कार करतो, "काका, बरे आहात ना?" म्हणून विचारतो. त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मला कधी एक शब्द बोलला नाही. मला मात्र तो हात दिसतो.

हे सगळे त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो बराच वेळ पाइपाचा तो तुकडा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "सर, धंदा तर करायचा आहे."

मी म्हणालो, "कर की. पण कंपनीतूनच टपाची आलेली, खाली चासी असलेली गाडी घे." त्याने जुनी जीप घेतली. चासीचा गंज काढला, ब्रेक नवे केले, टप शिवून घेतला. गाडीला लाल रंग दिला आणि त्या बदलाची नोंद आरटीओकडून पुस्तकात करून घेतली. भाड्याने द्यायची म्हणून परवान्याचे कागद केले. खर्च त्याच्या अंदाजापेक्षा जास्त झाला, आणि गाडी फोटोतल्या गाडीसारखी मुळीच दिसत नाही. पण तिची दारे अडकत नाहीत, कारण तिला दारेच नाहीत. त्याऐवजी त्याने नवरदेवाच्या बाजूला पट्टा लावला आहे आणि लहान मुलांना कडेला बसू देत नाही.

श्रोतेहो, आपल्या खान्देशात कसबी हातांची कमतरता नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यांच्या कडेला पत्रा सरळ करणारे, पाटे बांधणारे, हौदा जोडणारे किती कारागीर आहेत! गाडी सजवायची हौस असलेल्या तरुणांना आणि त्यांच्या हातात कटर देणाऱ्या आपल्या मिस्त्रीबंधूंना माझे एवढेच सांगणे आहे. कुठलाही भाग कापण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा भाग इथे का ठेवला आहे? तो काढल्यावर त्याचे काम कोण करणार? आणि ते काम कोणी केले नाही तर इजा कोणाला होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सापडत नसतील तर गाडीला हात लावू नका. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा गाडीच्या मालकाला नाही, तर शेजारी बसलेल्या पोराला भोगावे लागते.